खांदे टेकले की नाही

चाकणचा तळेगाव चौक ओलांडून नाशिक महामार्गाने राजगुरुनगरच्या दिशेने निघालं, की कंटेनरच्या रांगेत अडकल्या अडकल्या वाचायला एकच गोष्ट मिळते, ती म्हणजे फ्लेक्स. वाढदिवस, प्लॉट विक्री, 'कामगार पाहिजेत', आणि चैत्र जवळ आला की हगामे. 'निकाली कुस्त्यांचा भव्य हगामा', खाली पैलवानांचे दंड फुगवलेले फोटो आणि इनामाचे आकडे. मध्यंतरी दोन-तीन वर्षं या फ्लेक्सवर एक चेहरा ठरलेला असायचा. राक्षेवाडीचा शिवराज राक्षे, 'डबल महाराष्ट्र केसरी'.

राक्षेवाडी राजगुरुनगरला लागूनच. चाकणची एमआयडीसी ज्या खेड तालुक्यात येते, त्याच तालुक्यातली. बजाज, फोक्सवॅगन, महिंद्र असे एकेक कारखाने आले, जमिनी गेल्या, पैसा आला. गावजत्रेतला इनामाचा नारळ मागे पडला आणि रोख रकमा वाढत गेल्या. कारखानदारीने तालमी मोडल्या, असं सरसकट म्हटलं जातं. मला ते पूर्ण पटत नाही. काही मोडल्या हे खरं, पण खुराकाला लागणारा पैसा याच जमिनींतून आला, हेही खरं. भोसरीत तर महापालिकेनेच कुस्ती केंद्र उभारलं.

शिवराजचं घर शेती-दुधावरचं, आणि कुस्ती घरात मागच्या पिढ्यांपासूनची. पुढे तो पुण्यात अर्जुन पुरस्कारविजेते काका पवार यांच्या संकुलात गेला. या तालमीचा एक चमत्कारिक गुण आहे. जानेवारी 2020 मध्ये बालेवाडीत महाराष्ट्र केसरीची अंतिम लढत झाली ती हर्षवर्धन सदगीर आणि शैलेश शेळके यांच्यात, आणि दोघेही काका पवारांचेच पठ्ठे. ज्याच्याबरोबर पहाटे जोर-बैठका मारायच्या, त्याचीच पाठ संध्याकाळी लावायची. वस्तादाने टाळ्या कुणासाठी वाजवायच्या?

तीन वर्षांनी तोच पेच पुन्हा पडला. 14 जानेवारी 2023, कोथरूड. गादी विभागात शिवराजने हर्षवर्धन सदगीरला हरवलं. माती विभागातून सोलापूरचा महेंद्र गायकवाड सिकंदर शेखला हरवून वर आला, आणि हा महेंद्रही काका पवारांच्याच तालमीतला. अंतिम लढत मिनिटभरसुद्धा चालली नाही. महेंद्र चितपट, शिवराजच्या खांद्यावर गदा आणि दाराशी थार गाडी. राक्षेवाडीत गुलाल उधळला गेला.

त्या स्पर्धेचं एक शेपूट मात्र पुढे सगळ्यांनाच भोवलं. महेंद्र-सिकंदर लढतीत बाहेरच्या टांगेला पंचांनी चार गुण दिले. ते बरोबर की चूक, यावर दुसऱ्या दिवसापासून महाराष्ट्रभर मोबाइलच्या पडद्यावर कुस्ती सुरू झाली. जो तो चित्रफीत थांबवून, मागे नेऊन, बोट ठेवून दाखवत होता. पंचांना धमकीचा फोन आल्याची तक्रार पोलिसांपर्यंत गेली. शिवराजचा या वादाशी काही संबंध नव्हता. दोन वर्षांनी तोच अशाच वादाच्या मधोमध उभा राहणार होता.

त्याआधी नोव्हेंबर 2023. राज्यातल्या कुस्ती संघटनेत फूट पडलेली. भारतीय कुस्ती महासंघाने 2022 मध्ये जुनी कुस्तीगीर परिषद बरखास्त केली, प्रकरण कोर्टात गेलं, आणि 1961 पासून चालत आलेला हा किताब एकाच महिन्यात दोन ठिकाणी लढवला गेला. फुलगावला आणि धाराशिवला. शिवराज दोन्हीकडे उतरला आणि दोन्हीकडे अंतिम फेरीत पोचला. फुलगावला सिकंदर शेखने त्याला झोळी डावावर 22 सेकंदांत आसमान दाखवलं. धाराशिवला त्याने सदगीरला 6-0 ने हरवून गदा घेतली. म्हणजे एकाच महिन्यात तो महाराष्ट्र केसरी झालाही आणि होता होता राहिलाही. फ्लेक्सवर अर्थातच धाराशिव छापलं गेलं. पण 22 सेकंदांत पाठ लागल्यावर लगोलग पुन्हा लंगोट कसून उभं राहायचं, ही मला त्याच्या कारकिर्दीतली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते. गदेपेक्षाही.

इथे थोडं आडवाटेला जातो. महाराष्ट्र केसरीची गदा फक्त जड गटाला. 86 किलोंच्या खालच्या पैलवानाने ती लांबूनच पाहायची. आणि महाराष्ट्राला जगात पदकं कुणी दिली? 1952 ला हेलसिंकीत गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कांस्य आणलं ते 57 किलो गटात. 2019 ला जागतिक स्पर्धेत राहुल आवारेने कांस्य आणलं ते 61 किलोत, आणि तोही काका पवारांचाच शिष्य. जत्रेत सत्तर किलोच्या पोराची कुस्ती दुपारी उन्हात उरकतात, शेवटची जोड मात्र जडच लागते. मग त्या वजनाचं एखादं चपळ पोरगं वेगळी वाट धरतं. मिश्र मार्शल आर्ट्समध्ये लाइटवेट म्हणजे 70.3 किलो, आणि तिथे त्या वजनालाही स्वतःचा पट्टा असतो. कुस्तीतून त्या पिंजऱ्यात गेलेला भरत खंडारे नोव्हेंबर 2017 मध्ये यूएफसीच्या शांघायच्या स्पर्धेत लढला. त्याचा गट लाइटवेटच्याही खालचा. चीनच्या सोंग यादोंगने पहिल्याच फेरीत गळ्याला पकड घालून त्याला हरवलं. पकडीच्या त्या हारीत एक गोष्ट साफ असते. ज्याला सोसवत नाही, तो स्वतः हात आपटतो. हार त्याची तोच सांगतो. कुस्तीत तसं नाही. पाठ लागली की नाही, हे ज्याची लागली तो सांगत नाही. ते पंचाच्या डोळ्यावर.

2 फेब्रुवारी 2025, अहिल्यानगर. गादी विभागाची अंतिम लढत, शिवराज विरुद्ध पुण्याचा पृथ्वीराज मोहोळ. लढत सुरू होऊन फार वेळ झाला नव्हता. पृथ्वीराजने त्याला खाली घेतलं, पंचांनी शिट्टी फुंकली. चितपट. शिवराज उठला तो 'माझे दोन्ही खांदे टेकलेच नाहीत' म्हणतच. चित्रीकरण पाहा, ही त्याची मागणी. ती मान्य झाली नाही. बाचाबाची झाली, त्याने पंचांची कॉलर धरली आणि लाथ मारली. लाखो लोकांनी ती लाथ पुनःपुन्हा पाहिली; खांदे मात्र कुणालाच नीट दिसले नाहीत. त्याच संध्याकाळी अंतिम लढतीत महेंद्र गायकवाडही पंचांच्या निर्णयावर चिडून मैदान सोडून गेला. किताब पृथ्वीराजला मिळाला, आणि शिवराज-महेंद्र या दोघांवर तीन वर्षांची बंदी जाहीर झाली. कोथरूडला गदेसाठी एकमेकांना भिडलेले दोघे गुरुबंधू दोन वर्षांनी एकाच शिक्षेच्या कागदावर आले.

लाथ चूकच. पंचावर हात टाकणाऱ्याला मैदानात जागा नाही, हे तालमीत पहिल्या दिवशी शिकवतात. पण चित्रीकरण पाहा, या मागणीत गैर काय होतं? लाखोंच्या गाड्या बक्षिसात ठेवता येतात, मैदानाभोवती मंत्र्यांसाठी सोफे लावता येतात, आणि खांदा टेकला की नाही हे पुन्हा पाहायला दोन मिनिटं निघत नाहीत? कोथरूडच्या वादानंतर हे शहाणपण यायला हवं होतं. दोन वर्षं हातात होती. ती कुणाचा किताब खरा, या भांडणात गेली.

शिवराजच्या गाजलेल्या लढती मागे वळून पाहिल्या तर त्यातल्या बऱ्याचशा डोळ्याचं पातं लवेपर्यंत संपलेल्या. कोथरूड मिनिटाच्या आत, फुलगाव 22 सेकंद, अहिल्यानगरही झटपट. गुणांवर पूर्ण सहा मिनिटं चाललेली कुस्ती लोकांच्या लक्षातच राहत नाही. आणि या सेकंदांच्या मागे पहाटे चारला उठून मारलेले जोर, थंडाई, तूप, बदाम, आखाडा उकरणं, सुजून मिटलेले कान. ते कुणी चित्रित करत नाही.

बंदीनंतरच्या चैत्रात आमच्या बाजूच्या एका जत्रेला गेलो होतो. फ्लेक्सवर या वेळी दुसरे चेहरे होते. हौद्यात लाल माती उकरून त्यात ताक-तेल-हळद कालवलेली. कंपनीतून दुसरी पाळी बुडवून आलेली पोरं कडेला बसलेली, काहींच्या अंगावर अजून गणवेशाचा शर्ट. सत्तर-बहात्तर किलोची एक जोड लागली. ढाक बसली, धूळ उडाली, गोंगाट झाला. हरलेला पोरगा उठून 'लागली नाय, लागली नाय' म्हणून हात हलवू लागला. फेटेवाले म्हातारे पंच काही बोलले नाहीत. त्यांनी त्याला खांद्याला धरून लोकांकडे पाठ करून उभं केलं. दोन्ही पाखांवर सारखीच लाल माती होती. पोरगा हसला आणि इनामातली हरलेल्याची वाटणी घ्यायला वाकला.