हार्टबीट ते किबाना : महाविद्यालयीन संकेतस्थळाच्या उपलब्धतेची नोंद

दि. १६ जुलै २०२१ रोजी राज्य मंडळाचा दहावीचा निकाल जाहीर झाला आणि निकालाची संकेतस्थळे काही तास उघडेनाशी झाली. अशा वेळी संकेतस्थळ नेमके केव्हा बंद पडले, या प्रश्नाला बहुतेक संस्थांकडे तोंडी उत्तरच असते. प्रवेशअर्जाच्या अंतिम दिवशी मात्र त्याच उत्तरावर विद्यार्थ्याचे वर्ष अवलंबून असू शकते. प्रस्तुत लेखात अशी नोंद ठेवणाऱ्या एका व्यवस्थेची जोडणी विशद केली आहे.

या व्यवस्थेचे घटक तीन. हार्टबीट हा ठरावीक अंतराने संकेतस्थळास हाक देऊन प्रतिसाद तपासतो. इलॅस्टिकसर्च नोंदी साठवून त्यांत शोध घेतो. किबाना त्या आलेखरूपाने दाखवितो. हार्टबीटच्या संरचना-फाइलमध्ये तपासावयाचा पत्ता, तपासणीचा प्रकार (एचटीटीपी, टीसीपी वा आयसीएमपी) आणि वारंवारता लिहावी लागते. त्यानंतर इलॅस्टिकसर्चचा पत्ता द्यावा. त्याचे द्वार सामान्यतः ९२०० असते, किबानाचे ५६०१. सेटअपची आज्ञा एकदा चालविली की नोंदींचा साचा तयार होतो.

जोडणी अडते ती बहुधा सुरक्षेपाशी. २०२२ मध्ये आलेल्या आठव्या आवृत्तीपासून इलॅस्टिकसर्चमध्ये सुरक्षा मुळातच कार्यान्वित असते. त्यामुळे जुन्या पुस्तिकेबरहुकूम साधा एचटीटीपी पत्ता दिल्यास जोडणी नाकारली जाते. एचटीटीपीएस पत्ता, प्रमाणपत्राची ओळख आणि केवळ लेखनाधिकार असलेली स्वतंत्र किल्ली द्यावी. प्रशासकाचा परवलीचा शब्द फाइलीत लिहून ठेवणे सोयीचे खरे, पण प्रस्तुत लेखकाच्या मते ते सर्वथा अयोग्य आहे.

याहून महत्त्वाचा प्रश्न म्हणजे हार्टबीट कोठे बसवावा? सर्व्हरच्याच खोलीत बसविल्यास वीज जाताच पहारेकरी आणि पहाऱ्यातील वस्तू दोन्ही एकदम निद्रिस्त होतात. शिवाय सर्व्हरशेजारी सुस्थितीत दिसणारे पान नालासोपाऱ्याच्या पश्चिमेस, समुद्रकाठच्या कळंब गावातील विद्यार्थ्याच्या मोबाइलवर उघडेलच असे नाही. म्हणून एक हार्टबीट महाविद्यालयात व दुसरा कळंबसारख्या ठिकाणी ठेवावा. निरीक्षकाच्या माहितीत स्थाननाम लिहिता येते. त्यायोगे दोन्ही ठिकाणच्या नोंदी किबानात वेगळ्या दिसतात. महाविद्यालयातून ‘सुरू’ आणि कळंबहून ‘बंद’ अशी नोंद आल्यास दोष सर्व्हरपेक्षा मधल्या मार्गात असण्याचा संभव अधिक.

आलेखातील रिकामी जागा वाचताना विशेष सावधगिरी हवी. इलॅस्टिकसर्चशी संपर्क तुटल्यास हार्टबीट काही वेळा पुन्हा प्रयत्न करतो व नंतर नोंद सोडून देतो. अर्थात नोंद नसणे म्हणजे संकेतस्थळ बंद असणे नव्हे. तसेच ते सुरू होते, असाही निष्कर्ष काढता येत नाही. मुदतवाढीचा निर्णय घेताना ‘बंद’ अशी स्पष्ट नोंद असलेला काळ आणि नोंदच नसलेला काळ वेगळे मोजावेत. नोंदींची वेळ जागतिक प्रमाणवेळेत साठविली जाते. किबाना ती पाहणाऱ्याच्या वेळेत दाखवितो. परंतु मूळ नोंद थेट उतरवून घेणाऱ्याने त्यात साडेपाच तास मिळवावेत.