काटा निघाला, पण टोक आतच राहिले तर?

कुळागरात लिंबे उतरवताना किंवा कुंपणावरील बोगनवेल छाटताना बोटात काटा रुतणे ही गोव्यातील नित्याची बाब. काटा उपसला, थेंबभर रक्त आले, की तो प्रसंग विसरला जातो. मात्र काही आठवड्यांनी, क्वचित काही महिन्यांनी, त्याच बोटाचा सांधा सुजतो आणि मूठ वळेनाशी होते. तोवर काट्याची आठवण उरलेली नसते आणि ही सूज संधिवाताची समजली जाते.

उपसताना काट्याचे टोक मोडून आत राहू शकते. वनस्पतीचा हा तुकडा शरीराला सहजासहजी जिरवता येत नाही. रोगप्रतिकारक पेशी त्याला वेढतात आणि त्याभोवती गाठ तयार होऊ शकते. तुकडा सांध्यात शिरल्यास आतील अस्तराचा दाह होतो. कंडरेच्या आवरणात गेल्यास बोट वाकवताना कळ येते. जंतुसंसर्ग नसतानाही हा दाह होतो. त्यामुळे प्रतिजैविके वा सूज उतरवणाऱ्या गोळ्यांनी तात्पुरते बरे वाटले, तरी दुखणे पुन्हा डोके वर काढते.

साध्या क्ष-किरण तपासणीत धातूचा तुकडा स्पष्ट दिसतो, काटा मात्र सहसा दिसत नाही. म्हणून ‘एक्स-रे’मध्ये काही आढळले नाही, याचा अर्थ आत काही नाही असा होत नाही. सोनोग्राफी आणि गरजेनुसार एमआरआय तपासणीने तुकड्याचा माग काढता येतो. शस्त्रक्रियेने तो आणि आवश्यक तेव्हा दाह झालेले अस्तर काढणे, हाच खरा उपचार.

काट्याने काटा काढावा, हे म्हणीपुरते ठीक. प्रत्यक्षात हात साबण-पाण्याने धुऊन, वर दिसणारा काटा स्वच्छ चिमट्याने तो शिरला त्याच दिशेने सरळ ओढावा. खोल गेलेला काटा सुईने कोरू नये. धनुर्वाताची लस घेऊन पाच वर्षे उलटली असल्यास डॉक्टरांना विचारावे. ताप, पू, पसरणारी लाली किंवा बोट सरळ करताना असह्य वेदना असल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे, कारण असा संसर्ग बोट कायमचे निकामी करू शकतो.

एकाच बोटाची सूज रेंगाळत असेल, तर पूर्वी रुतलेल्या काट्याचा उल्लेख डॉक्टरांकडे आवर्जून करावा. निदानाचा धागा अनेकदा तेवढ्याच माहितीत सापडतो.