यमक जुळवताना



ग्रामसभेत म्हणण्यासाठी आमच्या गटाने पाण्यावर गाणं रचायला घेतलं. पहिली ओळ पटकन झाली: 'डोईवर हंडा, लांब होतं पाणी'. पुढची मात्र जुळेना. आम्ही वही-पेन घेऊन बसलो होतो, पण वाट दाखवली ती आमच्यातल्या एका आजींनी. त्यांना फक्त सही करता येते. जात्यावर ओव्या मात्र त्यांनी जन्मभर गायल्या.

त्या म्हणाल्या, "शब्द मोठ्यानं म्हणा आणि त्याचं तोंड बदला." म्हणजे 'पाणी'तला 'प' काढायचा आणि क, ख, ग असं एकेक अक्षर लावून बघायचं. खाणी, गाणी, नाणी, राणी, वाणी. ज्याला अर्थ नाही तो सोडायचा. मग लांब शब्द आठवायचे: कहाणी, अनवाणी. 'पाणी'ला 'गोणी' म्हटलं तर शेवटचं अक्षर जुळतं, पण कानाला कमी पडतं. आधीचा 'आ'सुद्धा जुळला की यमक भरतं.

आपण बोलताना 'पानी' म्हणत असू, तर 'रानी'ही चालेल. कागदावर नाही जुळलं तरी गळ्यावर जुळतं.

काही शब्द अडून बसतात. 'कर्ज' घ्या. 'अर्ज' सोडला तर हाताशी फारसं काही येत नाही. अशा वेळी शब्दाची जागा बदलायची. 'फिटलं कर्ज' ऐवजी 'कर्ज फिटलं' म्हणा, लगेच 'भांडण मिटलं' सापडतं. प्रत्येक ओळीला यमक हवंच असंही नाही. इ.स. १२९० च्या ज्ञानेश्वरीतल्या ओवीतही पहिले तीन चरण जुळतात, चौथा मोकळा असतो.

तर आम्ही 'गाणी' शब्द धरला आणि ओळ केली: 'नळ आला दारी, गाऊ चला गाणी'. टाळ्या पडल्या. तेवढ्यात वरच्या आळीतल्या वहिनी म्हणाल्या, "कुणाच्या दारी? आमच्याकडं अजून हंडाच आहे."

आम्ही गप्प झालो. यमक जुळलं होतं, पण गाणं खोटं झालं होतं. तेच ग्रामसभेत म्हटलं असतं, तर वरच्या आळीचं पाणी आमच्याच तोंडाने मिटलं असतं. आम्ही 'होतं' काढून 'आहे' घातलं आणि पुन्हा शब्दांची यादी म्हटली. या वेळी 'अनवाणी' थांबला:

डोईवर हंडा, लांब आहे पाणी
वाट खडकाळ, पाय अनवाणी

ग्रामसभेत वरच्या आळीच्या बाया आमच्या शेजारी उभ्या राहून हेच म्हणाल्या.

तेव्हा बायांनो, यमकाचे चार-पाच शब्द जमवा. पहिला आला तोच धरू नका. जो खरं बोलतो तो निवडा. पुढच्या बैठकीसाठी शब्द घ्या 'विहीर'. 'बाहेर' चालेल का, 'उशीर' चालेल का, ते मोठ्याने म्हणून कानालाच विचारा.