एचिंग करायचंय, पण नायट्रिक ॲसिड नको? मोरचूद वापरा!

जस्ताची प्लेट नायट्रिक ॲसिडमध्ये टाकली की नायट्रोजन डायऑक्साइड सुटतो, आणि तो फुप्फुसांना घातक असतो. मोरचुदाच्या द्रावणात हा वायू तयारच होत नाही. जस्त तांब्यापेक्षा जास्त क्रियाशील असल्यामुळे ते विरघळून द्रावणात जातं आणि मोरचुदातलं तांबं लालसर-तपकिरी गाळ होऊन बाहेर पडतं. रेषांत साचलेला हा गाळ मऊ ब्रशने किंवा पिसाने सारखा झटकत राहा, नाहीतर कोरणं मंदावतं. द्रावणाचा निळा रंग उडाला की त्याची ताकद संपली. किती सुंदर रसायन आहे हे!

ॲल्युमिनियमच्या प्लेटसाठी मोरचुदात साधं मीठही घालावं लागतं. तिथे हायड्रोजनचे बुडबुडे येतात आणि द्रावण तापतं, म्हणून खिडक्या उघड्या आणि ज्योत लांब ठेवा.

द्राक्षबागायतदार बोर्डो मिश्रणासाठी वापरतात तोच हा मोरचूद, त्यामुळे कृषी सेवा केंद्रात सहज मिळतो. पण तो पूर्ण निरुपद्रवी नाही. हातमोजे आणि चष्मा हवाच. उरलेलं द्रावण नाल्यात मुळीच ओतू नका, तांबं माशांना मारतं.

छपाईनंतर प्लेटवरची शाई पुसायला टर्पेंटाइनऐवजी खाद्यतेल घ्या, मग भांड्यांचा साबण. प्लेट लख्ख होते.