बाजूदर्शक दिवा

बाजूदर्शक दिवा हा मोटार वाहनाच्या डाव्या व उजव्या अंगावर, बहुधा पुढील आणि मागील टोकाजवळ बसवलेला लहान दिवा होय. गॅरेजमध्ये तो 'साइड मार्कर' या नावाने ओळखला जातो. हेडलाइट चालकाला रस्ता दाखवतो, तर बाजूदर्शक दिवा वाहन इतरांना दाखवतो. आडव्या रस्त्याने येणाऱ्या चालकास अंधारात समोर वाहन आहे, ते किती लांब आहे आणि त्याचे तोंड कोणीकडे आहे, हे त्यावरून समजते. इंडिकेटर वळतानाच लुकलुकतो. बाजूदर्शक दिवा पार्किंग लाइटबरोबर स्थिर पेटतो. भारतातील बहुतेक मोटारींच्या फेंडरवर किंवा आरशावर दिसणारा पिवळा दिवा हा साइड इंडिकेटर असतो, बाजूदर्शक दिवा नव्हे.

इतिहास व नियम

अमेरिकेत १ जानेवारी १९६८ नंतर तयार झालेल्या मोटारींना बाजूदर्शक दिवे किंवा परावर्तक सक्तीचे झाले. १९७० पासून दोन्ही आवश्यक ठरले. तेथे पुढचा दिवा पिवळा आणि मागचा लाल असतो. १९८३ मध्ये तेथील शासकीय मूल्यमापनात, या दिव्यांमुळे रात्रीच्या काटकोनी टकरींत सुमारे १६ टक्के घट झाल्याचा अंदाज मांडण्यात आला. संयुक्त राष्ट्रांच्या नियमावलीनुसार ६ मीटरपेक्षा लांब वाहनांना हे दिवे आवश्यक असून लहान मोटारींना ते ऐच्छिक आहेत.

भारतात केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०४ परावर्तकांविषयी, तर नियम १०५ दिव्यांविषयी आहे. नियम १०८ अन्वये, काही अपवाद वगळता, वाहनाने पुढील बाजूस लाल प्रकाश दाखवता येत नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ मध्ये वाहनाच्या मूळ रचनेत फेरफार करण्यावर निर्बंध आहेत. जळालेल्या बल्बच्या जागी त्याच प्रकारचा बल्ब बसवणे ही साधी दुरुस्ती ठरते. दिव्याचा रंग बदलणे किंवा चमकणारे जादा दिवे लावणे ही निराळी गोष्ट आहे.

लातूर व नांदेड परिसरातील महत्त्व

मराठवाड्यातील लातूर आणि नांदेड हे ऊस पिकवणारे जिल्हे आहेत. गाळप हंगामात, म्हणजे साधारणतः दिवाळीच्या सुमारास सुरू होऊन उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत, ट्रॅक्टर-ट्रॉली, ट्रक आणि बैलगाड्यांतून ऊस रात्रंदिवस कारखान्यांकडे जातो. तुळजापूर, लातूर, अहमदपूर, लोहा, नांदेड असा जाणारा राष्ट्रीय महामार्ग ३६१ आणि त्याला मिळणारे पाणंद रस्ते या वाहतुकीने गजबजलेले असतात.

दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर पाणंदीतून महामार्गावर येऊन वळतो, तेव्हा त्याचे हेडलाइट रस्त्यापलीकडे गेलेले असतात आणि शेवटच्या ट्रॉलीचा मागील दिवा अजून पाणंदीतच असतो. महामार्गावरून येणाऱ्या चालकासमोर उरते ती केवळ ट्रॉलीची अंधारी बाजू. ताशी ८० किलोमीटर वेगाने येणारी मोटार सेकंदाला सुमारे २२ मीटर अंतर कापते. धोका ओळखून ब्रेकवर पाय जाईपर्यंत दीड सेकंद धरला तर ३३ मीटर आणि कोरड्या रस्त्यावर प्रत्यक्ष थांबेपर्यंत आणखी सुमारे ३५ मीटर लागतात. डिपर प्रकाशात काळपट ट्रॉली इतक्या लांबून स्पष्ट दिसेलच असे नाही. पेटलेला दिवा किंवा स्वच्छ परावर्तक मात्र याहून बऱ्याच अंतरावरून दिसतो.

परावर्तकाला स्वतःचा प्रकाश नसतो. समोरच्या वाहनाचा प्रकाश त्यावर पडला तरच तो चमकतो. धूळ, चिखल किंवा बाहेर आलेल्या वाढ्यांनी झाकला गेल्यास निरुपयोगी ठरतो. ट्रॉलीच्या दिव्यांना ट्रॅक्टरकडून वीज मिळते. जोडणीचा प्लग सैल झाला किंवा वायर तुटली की सर्व दिवे एकदम बंद पडतात. म्हणून दिवा आणि परावर्तक हे एकमेकांना पूरक मानले जातात. हंगामाच्या सुरुवातीस परिवहन विभाग, पोलीस व साखर कारखाने यांच्या वतीने ऊस वाहनांना परावर्तक लावण्याच्या मोहिमा घेतल्या जातात.

घरी दिवा बदलण्याची पद्धत

स्पोर्ट्स कार जमिनीलगत असते आणि तिच्या चाकाभोवती जागा अपुरी असते. त्यामुळे लहानशा दिव्यापर्यंत हात पोहोचणे हेच मुख्य काम ठरते. साध्या मोटारीच्या फेंडरवरील साइड इंडिकेटरलाही बहुधा हीच पद्धत लागू पडते.

१. मोटार सपाट जागी उभी करून चावी काढावी, दिवे बंद करावेत व बल्ब थंड होऊ द्यावा. बॅटरीची ऋण वायर सोडून ठेवणे सुरक्षित असते.
२. वाहनाच्या पुस्तिकेत दिवा कसा निघतो ते पाहावे. काही दिवे स्प्रिंगच्या क्लिपवर बसतात. ते एका बाजूला सरकवून प्लास्टिकच्या पट्टीने उचलावेत. पेचकस वापरल्यास रंगावर ओरखडे उठतात. काही दिव्यांसाठी चाकामागील प्लास्टिकचे अस्तर सोडवावे लागते. त्यासाठी मोटार उचलल्यास केवळ जॅकवर विसंबून न राहता तिला स्टँडचा आधार द्यावा.
३. होल्डर सुमारे पाव फेरा डावीकडे फिरवून बाहेर काढावा आणि बल्ब सरळ ओढावा.
४. होल्डरमधील पत्र्यांवर हिरवट गंज असल्यास साफ करावा. गंज तसाच राहिला तर नवा बल्बही मंद पेटतो किंवा अधूनमधून विझतो.
५. जुन्या बल्बवरील क्रमांक, व्होल्ट व वॅट पाहून तसाच नवा बल्ब घ्यावा. अनेक वाहनांत १२ व्होल्ट, ५ वॅटचा बिनटोपीचा काचेचा बल्ब असतो. काच पारदर्शक असल्यास बल्ब पिवळा लागतो.
६. सर्व भाग घट्ट बसवण्यापूर्वी बॅटरी जोडून दिवा पेटतो का ते तपासावे. न पेटल्यास फ्यूज पाहावा.
७. रबरी वॉशर नीट बसवावा. तो उन्हाने कडक झाला असल्यास बदलावा. मराठवाड्यात उन्हाळ्यात तापमान ४० अंश सेल्सियसच्या वर जाते. तडकलेल्या वॉशरमधून पावसाळ्यात पाणी शिरते आणि पुन्हा गंज धरतो.

एलईडी बल्ब

एलईडीला कमी वीज लागते व तो कमी तापतो. मात्र त्यातील वीज एकाच दिशेने वाहते. उलटा बसल्यास तो पेटत नाही, तेव्हा काढून फिरवून लावावा. काही अमेरिकी मोटारींत बाजूदर्शक दिवा पार्किंग आणि इंडिकेटर या दोन मंडलांच्या मध्ये जोडलेला असतो. तेथे दोन्ही दिशांनी चालणारा एलईडीच लागतो. नव्या मोटारींतील संगणक कमी वीजप्रवाह पाहून बल्ब गेल्याची सूचनाही दाखवू शकतो.

हेही पाहा

परावर्तक, इंडिकेटर, रस्ता सुरक्षा, ऊस वाहतूक