घरघर आणि गाणं

पॅनासॉनिक कंपनीचा आरएक्स-एफटी५०० हा टेपरेकॉर्डर आपल्याकडच्या ‘टू-इन-वन’च्या जातीतला. रेडिओ, कॅसेटचे दोन खण, दोन स्पीकर आणि अंगातच बसवलेला बारीकसा माइक. पोरांनी रेडिओवरची गाणी भरून घ्यावीत, फार तर कुणाच्या वाढदिवसाचा गलका टेप करून ठेवावा, एवढ्यासाठी बनलेलं यंत्र. कॅलिफोर्नियातल्या जॉन डार्नील नावाच्या तरुणानं १९९०च्या दशकात अशा यंत्रासमोर बसून, गिटार बडवत, गाण्यांमागून गाणी गायली. त्या कॅसेटी हातोहात फिरल्या. अमेरिकेतलं इंडी रॉक म्हणजे बड्या कंपन्यांच्या बाहेर, छोट्या लेबलांच्या आधारानं वाढलेलं रॉक. त्या जगात केवळ शब्दांसाठी कान देऊन ऐकले जाणारे जे मोजके गीतकार आहेत, त्यांत डार्नील येतो. ‘द माउंटन गोट्स’ हे त्याच्या बँडचं नाव. पण सुरुवातीची बरीच वर्षं बँड म्हणजे तो स्वतः आणि फार तर सोबतीला बेस वाजवणारं कुणीतरी.

त्या जुन्या ध्वनिमुद्रणांत गाण्याच्याही आधी ऐकू येते ती घरघर. टेप फिरवणारी मोटर आणि माइक एकाच प्लास्टिकच्या खोक्यात, त्यामुळे यंत्र गायकाबरोबर स्वतःलाही टेप करतं. अशा घरगुती यंत्रांत आणखी एक सोय असते: आवाज चढला की यंत्र तो आपणहून दाबतं आणि शांतता झाली की ती उचलून धरतं. म्हणजे गाणारा क्षणभर थांबला की घरघर लगेच वर येणार. तिला मागे रेटायचं असेल तर थांबायचंच नाही. तारांवर वरून खाली सतत आघात करत राहायचे आणि आवाज चढाच ठेवायचा. डार्नीलची सुरुवातीची शैली, म्हणजे मोजके सूर, धावती लय आणि नाकातून येणारा, ओरडण्याच्या काठावरचा आवाज, मला बऱ्याच अंशी या सक्तीतून घडलेली वाटते.

त्याच्या पुढच्या प्रवासाची एक सोपी कथा सांगितली जाते. कफल्लक गायक, स्वस्त यंत्र. मग नाव झालं, स्टुडिओ मिळाला आणि आवाज गुळगुळीत झाला. काही जुन्या श्रोत्यांनी हे मनाला लावूनही घेतलं. पण अल्बम क्रमानं ऐकत गेलं की निराळं चित्र दिसू लागतं. परक्यांच्या गोष्टी सांगताना त्याला ओरडणं पुरत होतं. स्वतःच्या घरातली गोष्ट सांगायची वेळ आली तेव्हा आवाज खाली आणावा लागला, आणि खाली आणलेला आवाज त्या खोक्यात मावणारा नव्हता.

डार्नीलचा जन्म १९६७ सालचा, इंडियाना राज्यातल्या ब्लूमिंग्टनचा. वाढला मात्र कॅलिफोर्नियात. नॉरवॉक इथल्या सरकारी मनोरुग्णालयात तो नर्स म्हणून काम करत होता आणि तिथल्याच कर्मचाऱ्यांच्या खोल्यांत राहत होता. कविता लिहायचा, त्यांना गिटारवर चाली लावून टेप करू लागला. डेनिस कॅलासी यांच्या ‘श्रिंपर’ या छोट्या लेबलनं १९९१मध्ये त्याची पहिली कॅसेट काढली. त्याच सुमारास त्यानं क्लेअरमाँटच्या पिट्झर कॉलेजात इंग्रजी साहित्य आणि ग्रीक-लॅटिन अभिजात वाङ्मयाचा अभ्यास सुरू केला. तो अभ्यास गाण्यांत उतरला. स्वयंपाकघरात भांडणाऱ्या जोडप्याच्या शेजारी रोमन सम्राट येतात, अ‍ॅझ्टेकांचे देव येतात, आणि ते आगंतुक वाटत नाहीत.

‘झोपिलोटे मशीन’ (१९९४) आणि ‘स्वीडन’ (१९९५) हे या काळातले अल्बम. गाणी दोन-दोन मिनिटांची. त्यांत दोन मालिका पुन्हापुन्हा भेटतात. एकीत प्रत्येक गाण्याचं नाव ‘गोइंग टू’नं सुरू होतं, पुढे एखाद्या गावाचं नाव. गाव बदललं की नशीब बदलेल असं वाटणारी माणसं त्यांत आहेत. यातलंच ‘गोइंग टू जॉर्जिया’ श्रोत्यांचं फार लाडकं. पण पिस्तूल घेऊन बाईच्या दारात उभा राहणारा त्यातला पुरुष डार्नीलला पुढे सोसवेना आणि त्यानं ते गाणं मैफिलीत म्हणणं सोडून दिलं. दुसऱ्या मालिकेत ‘आल्फा’ हा शब्द शीर्षकातून फिरत राहतो. तिच्यात एक नवरा-बायको आहेत: दोघंही दारूत बुडालेले, एकमेकांना सोडवत नाही आणि एकत्र राहवतही नाही. कॅलिफोर्नियातून लास वेगास, तिथून फ्लॉरिडातलं टॅलाहासी, असा त्यांचा घसरणीचा प्रवास वेगवेगळ्या कॅसेटींवर विखुरला होता.

मग येतं २००२ साल. एकाच वर्षात दोन अल्बम आले आणि दोन्ही जणू एकमेकांसमोर उभे आहेत. फेब्रुवारीतला ‘ऑल हेल वेस्ट टेक्सस’ आयोवातल्या घरी, त्याच पॅनासॉनिकवर केलेला. मुखपृष्ठावरच हिशेब दिला आहे: चौदा गाणी, सात माणसं, दोन घरं, एक मोटरसायकल आणि किशोरवयीन मुलांसाठीचं एक कुलूपबंद उपचारकेंद्र. पहिल्याच गाण्यात डेंटन गावातली दोन मुलं डेथ मेटल या कर्कश रॉकचा बँड काढायचं स्वप्न पाहतात, आणि मोठी माणसं त्यातल्या एकाला दूरच्या शाळेत पाठवून ते स्वप्न मोडतात. गिटार आणि घरघर, एवढ्याच साहित्यावर अख्खं गाव उभं राहतं. ‘कलर इन युवर चीक्स’मध्ये दूरदेशांतून आलेली, भेदरलेली माणसं एका घरात आसरा घेतात. त्या गाण्यातली ऊब महागड्या माइकनं वाढली असती असं मला वाटत नाही. यंत्राची कुरकुर तिथं घराचाच एक आवाज होऊन जाते.

नोव्हेंबरमध्ये ‘टॅलाहासी’ आला. लेबल ब्रिटनचं ‘फोर-एडी’, न्यूयॉर्क राज्यातल्या कॅसाडागाचा टारबॉक्स रोड स्टुडिओ, निर्माता टोनी डूगन, बेसवर पीटर ह्यूज. आल्फा जोडप्याची गोष्ट डार्नीलनं इथे एका पडक्या घरात आणून संपवली. स्टुडिओनं काय दिलं? माझ्या मते, थांबण्याची मुभा दिली. दोन ओळींमध्ये गिटार गप्प बसू शकते, आणि तिथं ऐकू येते ती खरी शांतता. दोन माणसं एकाच खोलीत बोलायचं थांबतात, तेव्हा असं काहीतरी हवंच होतं. ‘नो चिल्ड्रन’ हे यातलं सर्वांत कडवट गाणं. घटस्फोटाच्या उंबऱ्यावरचा माणूस जोडीदाराला शिव्याशाप देतो, आणि चाल मात्र सगळ्यांनी हात धरून म्हणावी अशी. जवळजवळ वीस वर्षांनी, २०२१मध्ये, टिकटॉकवर कोवळ्या वयाच्या मुलांनी ते उचललं.

परक्यांची गोष्ट इथवर. ‘वी शॅल ऑल बी हील्ड’मध्ये (२००४) डार्नील प्रथमच आपल्या भूतकाळाकडे वळला. ओरेगनमधल्या पोर्टलंडमध्ये मादक पदार्थांच्या आहारी गेलेली मित्रमंडळी आणि त्यांच्यातलाच एक असलेला तो. निर्माता जॉन व्हँडरस्लाइस. पण ही फक्त उंबऱ्यापर्यंतची वाट होती. घर उघडलं ते २००५च्या ‘द सनसेट ट्री’मध्ये.

मारकुट्या सावत्र वडिलांच्या घरातलं बालपण हा या अल्बमचा विषय. ते वारल्यानंतरच डार्नीलनं ही गाणी लिहिली. अल्बमचं नाव सॅम्युअल बटलरच्या ‘द वे ऑफ ऑल फ्लेश’ या कादंबरीतल्या एका स्तोत्रातून आलं आहे. कादंबरीत लहानग्या अर्नेस्टला त्या स्तोत्रातला एक शब्द नीट उच्चारता येत नाही, म्हणून त्याचा धर्मोपदेशक बाप त्याला बदडतो. म्हणजे शीर्षकातच एक मूल आहे, गाणं आहे आणि मार आहे. डार्नीलनं ही खूण मोठ्या विचारानं निवडली असणार. अल्बम त्यानं छळणाऱ्यांच्या घरात अडकलेल्या सर्व मुलामुलींना अर्पण केला.

आता वाद्यं पाहा. फ्रँकलिन ब्रूनोचा पियानो, एरिक फ्रीडलँडरचा चेलो. ‘डायलॉडिड’मध्ये गिटार जवळजवळ हद्दपार आहे; चेलोच्या तोडक्या, टोचणाऱ्या आघातांवर आवाज एकटा उभा राहतो. ‘डान्स म्युझिक’ची चाल उड्या मारणारी, आणि तिच्यात खाली भांडण चाललेलं असताना जिन्यानं वर पळून रेकॉर्ड प्लेअरला कान लावणारा पोरगा. आनंदी चालीत घाबरलेलं मूल लपवणं ही करामत नव्हे. त्या पोरानं त्या रात्री जे केलं, तेच गाणं करतं. संगीताच्या मागे लपतं. ‘धिस इयर’ हे सतरा वर्षांच्या मुलाचं, तगून राहण्याच्या हट्टाचं गाणं पुढे त्याची ओळखच झालं. त्यात जुना धावता आघात आहे, पण पियानो त्याला तोलून धरतो.

सगळ्यांत अवघड गाणं शेवटचं, ‘पेल ग्रीन थिंग्ज’. सावत्र वडिलांच्या मृत्यूची बातमी येते आणि मुलाला आठवते ती त्यांच्यासोबत घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर काढलेली सकाळ. क्षमा नाही, शिक्षा नाही. आवाज इतका खाली की शब्दांपेक्षा श्वास अधिक कळतो. १९९५मध्ये त्या खोक्यासमोर हे गाणं म्हटलं असतं तर यंत्रानं ही शांतता उचलून तिच्यात घरघर भरली असती. कुठलंही मोठं वाक्य न वापरता, केवळ आवाजाची पट्टी उतरवून त्यानं बापाशी हिशेब मिटवला, किंवा मिटवायचा नाही असं ठरवलं. मी या गाण्याला त्याच्या सगळ्या कामाचा मध्य मानतो.

पुढच्या वर्षीच्या ‘गेट लोनली’त तर तो जवळजवळ कुजबुजतो. त्यानंतर जॉन वर्स्टर ड्रम्सवर आला आणि बँड खऱ्या अर्थानं बँड झाला. मधल्या दशकात प्रयोग भरपूर झाले. २००९च्या अल्बममध्ये प्रत्येक गाण्याचं नाव बायबलमधल्या एका वचनाचा क्रमांक. २०११च्या ‘ऑल इटर्नल्स डेक’मधली चार गाणी डेथ मेटलच्या एरिक रुटाननं निर्माण केली, डेंटनच्या त्या दोन पोरांना हे नक्की आवडलं असतं. २०१५चा ‘बीट द चॅम्प’ लहानपणी पाहिलेल्या कुस्तीगीरांवर. मॅट डग्लस सॅक्सोफोन घेऊन कायमचा आला आणि २०१७च्या ‘गॉथ्स’मधून गिटार पूर्णपणे बाहेर गेली. गिटार बडवूनच ओळख मिळवलेल्या माणसानं अख्खा अल्बम तिच्याविना करावा याला धैर्य लागतं, पण त्यातली काही गाणी मला सुबक असूनही दूरची वाटतात. त्याच काळात तो कादंबरीकारही झाला. ‘वुल्फ इन व्हाइट व्हॅन’ (२०१४) अमेरिकेच्या नॅशनल बुक अवॉर्डच्या लांब यादीत होती.

मार्च २०२०मध्ये बँड मेम्फिसच्या सॅम फिलिप्स स्टुडिओत आणि लगोलग मसल शोल्सच्या फेम स्टुडिओत दोन अल्बम ध्वनिमुद्रित करून परतला. मेम्फिसला ऑर्गनवर चार्ल्स हॉजेस होता, मसल शोल्सला स्पूनर ओल्डहॅम. दोघंही अमेरिकी सोल संगीतातली ज्येष्ठ मंडळी. तेवढ्यात महासाथ आली आणि दौरे रद्द झाले. बँडच्या लोकांचं पोट चालायला हवं म्हणून डार्नीलनं नॉर्थ कॅरोलायनातल्या घरी जुना टेपरेकॉर्डर बाहेर काढला. दहा दिवसांत दहा गाणी केली. विषय काय, तर पिएर शुव्हँ या फ्रेंच अभ्यासकाचा, ख्रिस्ती धर्माच्या विजयानंतर उरलेल्या शेवटच्या मूर्तिपूजकांवरचा ग्रंथ. ‘साँग्ज फॉर पिएर शुव्हँ’ एप्रिलमध्ये आला. ‘ऑल हेल वेस्ट टेक्सस’नंतर अठरा वर्षांनी पुन्हा संपूर्ण अल्बम टेपरेकॉर्डरवर. सोबत काढलेल्या हजार कॅसेटी बघता बघता संपल्या.

इथे ती सोपी कथा कोसळते. उत्तमोत्तम स्टुडिओतून नुकताच आलेला माणूस या यंत्राकडे परततो, तेव्हा ते नाइलाजाचं साधन राहत नाही. आणि तो आता तसा ओरडतही नाही. घरघर चालू असताना तिच्यावरून हलक्या आवाजात कसं जायचं, हे त्याला मधल्या वर्षांनी शिकवलं आहे. अखेरच्या ‘एक्सेजेटिक चेन्स’मध्ये ‘धिस इयर’चा धागा पुन्हा हाती येतो. दारं लावून बसलेल्या जगात त्या सतरा वर्षांच्या मुलाचा हट्ट आता चारचौघांचा झाला होता.

२०२३च्या ‘जेनी फ्रॉम थीब्ज’मध्ये त्यानं ‘ऑल हेल वेस्ट टेक्सस’मधलीच माणसं पुन्हा बोलावली. मोटरसायकलवरची जेनी, तिचं आसऱ्याचं घर आणि त्या घरावर आलेलं संकट. निर्माती ट्रिना शूमेकर; ब्रास आहे, तंतुवाद्यं आहेत, नाटकाच्या रंगमंचाला शोभेल असा थाट आहे. एकाच गोष्टीच्या या दोन आवृत्त्या लागोपाठ ऐकाव्यात. पहिलीत जेनी म्हणजे लांबून येणारा इंजिनाचा आवाज. तिला काय वाटतं ते आपल्याला कळत नाही. दुसरीत तिचं ओझं कळतं. दुसऱ्यांना आसरा देणाऱ्या बाईला स्वतः कुठं जायचं हे कळत नाही, ही गोष्ट सांगायला एकवीस वर्षं आणि एवढी वाद्यं लागली. पहिल्या अल्बमवर माझं प्रेम जास्त आहे, पण जेनीची ओळख दुसऱ्यानं करून दिली.

वीसहून अधिक वर्षं बेसवर साथ देणारा पीटर ह्यूज २०२४मध्ये बाहेर पडला. पुढच्या वर्षी नोव्हेंबरमध्ये ‘थ्रू धिस फायर अक्रॉस फ्रॉम पीटर बाल्कन’ आला, बँडच्या स्वतःच्या ‘कॅडमियन डॉन’ लेबलवरून. निर्माता मॅट डग्लस. हार्प आहे, आणि कोरसमध्ये ब्रॉडवेवरच्या ‘हॅमिल्टन’चा कर्ता लिन-मॅन्युएल मिरांडाही आहे. जहाज फुटून निर्जन बेटावर अडकलेल्या मोजक्या माणसांची ही संगीतिका. पुन्हा परकी, पूर्णपणे कल्पिलेली माणसं. १९९४चा डार्नील त्यांच्यासाठी दोन मिनिटं जीव तोडून ओरडला असता. आताचा डार्नील त्यांच्याशेजारी बसून, त्यांचा धीर सुटत जाताना, जवळजवळ त्याच आवाजात गातो ज्या आवाजात त्यानं शर्यतीच्या मैदानावरची ती सकाळ सांगितली होती.