जिवंत जोडणीची पारख

दोन संगणकांमध्ये संवाद सुरू असतो तेव्हा त्यांच्यामध्ये एखादी अखंड तार ताणलेली असते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुस्थिती तशी नाही. इंटरनेटवरील टीसीपी जोडणी म्हणजे दोन्ही टोकांच्या संगणकांनी आपापल्यापाशी ठेवलेली एक नोंद होय. एका टोकाची वीज अचानक गेली, तर दुसऱ्या टोकाला ते कळविणारे कोणीच उरत नाही. त्याच्या नोंदीत जोडणी जिवंतच राहते. पुराची पातळी दाखविणाऱ्या पडद्यावर मग जुनाच आकडा स्थिर राहतो आणि पाहणाऱ्यास तो ताजा वाटतो. या दोषाचे गांभीर्य येथे आहे.

टीसीपीमध्ये यावर तरतूद आहे. परंतु लिनक्स प्रणालीत ती सुरू केली तरी मूळ नियमानुसार २ तासांच्या शांततेनंतरच तपासणीस आरंभ होतो. म्हणून तात्काळ संदेशवहनाच्या लायब्ररी, म्हणजे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना आयते मिळणारे सूचनासंच, स्वतःची स्पंदन-व्यवस्था ठेवतात. ठराविक अंतराने एका टोकाने हाक द्यावी, दुसऱ्याने ओ द्यावी. ओ न आल्यास जोडणी तुटली असे समजावे.

हाक कोणी द्यावी, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो. २०१० साली सुरू झालेल्या सॉकेट.आयओ या लायब्ररीत हे काम पुढे ग्राहकाकडे, म्हणजे वापरणाऱ्याच्या ब्राउझरकडे होते. दर २५ सेकंदांनी वाजणाऱ्या गजरावर ते चाले. परंतु वीज वाचविण्यासाठी ब्राउझर मागे पडलेल्या पानांचे गजर मंद करतात. हाक उशिरा पोहोचे आणि सर्व्हर धडधाकट जोडणी मृत ठरवून तोडून टाकी. २०२०च्या अखेरीस आलेल्या तिसऱ्या आवृत्तीत क्रम उलटविण्यात आला : हाक सर्व्हरने द्यावी, ग्राहकाने उत्तर द्यावे. आलेल्या संदेशाला उत्तर देण्यास गजर लागत नाही. पुढील वर्षी चौथ्या आवृत्तीत उत्तराची मुदतही ५ वरून २० सेकंद करण्यात आली. बदल थोडक्या ओळींचा दिसला, तरी जुने ग्राहक व नवे सर्व्हर यांचे जुळेनासे झाल्याने दोन्ही बाजू एकत्र सुधारणे भाग पडले.

पुन्हा जोडण्याच्या कामीही विवेक लागतो. सर्व्हर बंद होऊन सुरू होताच हजारो ग्राहक एकाच क्षणी धावले, तर तो पुन्हा कोसळू शकतो. यास्तव वेबसॉकेटच्या २०११च्या प्रमाणकात पहिला प्रयत्न ० ते ५ सेकंदांतील यादृच्छिक विलंबाने करावा आणि पुढील अंतर वाढवीत न्यावे, असे सुचविले आहे. मधल्या काळात हुकलेले संदेश हा प्रश्न मात्र निराळा. सॉकेट.आयओने २०२३ साली ते परत मिळविण्याची सोय केली; परंतु ती दरवेळी यशस्वी होईलच असे नाही. म्हणून पडद्यावरील आकडा जोडणी परतताच मूळ नोंदीवरून नव्याने मागवून घ्यावा लागतो.